भाता काकूच्या हातात

काका गेले हे सांगायला काकूचा फोन आला, तेव्हा रडण्याआधी ती एवढंच म्हणाली, "सकाळी वाजवून राहिले होते गं... पेटी अजून उघडीच आहे." महिना होऊन गेला. माझ्या कानात मात्र तेच वाक्य आहे आणि खरं सांगायचं तर त्यानं मला बरंच वाटतं.

खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले माझे काका गुरुवारच्या भजनाला पेटी घेऊन बसले, की समोरच्याला चहासुद्धा धड पिऊ देत नसत. तोंड अखंड चालू, त्यातही अर्धं हिंदी. अशा माणसाला काही वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, उजवा हात लुळा पडला आणि शब्दच गेले. पाणी हवं असलं तरी नुसतं "अं... अं..." करायचे आणि चिडून तोंड फिरवायचे. हा माणूस आता कायमचा मुका झाला, या धास्तीनं काकूला घास उतरेना.

डॉक्टर म्हणाले, "पेटी बजाते थे न? बजाने दीजिए. बजाने में दिमाग के कई हिस्से साथ जागते हैं. शायद कुछ लौट आए." पण धड हात एकच. तो पट्ट्यांवर ठेवला तर भाता कोण हलवणार? काकू समोर बसली. तिला सुरातलं ओ की ठो कळत नाही; कणीक मळावी तशी ती भाता मारायची. काकांची बोटं आधी चाचपडली, मग हळूहळू ओळखीच्या चालीवर आली. डाव्या बोटांनाही सगळं आठवत होतं! शब्दांचा मात्र पत्ता नव्हता...

एका गुरुवारी आरती ऐन रंगात असताना शेजारच्या दीदी आल्या. त्यांच्या भाचीच्या लग्नाच्या गप्पांत काकू अशी रमली, की हात थांबला आणि सूर मेला. काका लालबुंद झाले आणि ओरडले, "भाता!"

काकू भाता सोडून रडायलाच लागली. त्यावर आणखी मोठ्यानं, "भाता!" आम्ही रडत रडत हसलो. पुढे शब्द एकेक करून परतले. आधी भजनातले, मग शिव्या, मग चहा. हात सुधारल्यावरही काकांनी भाता काही परत घेतला नाही.

परवा गुरुवारी मी विजय नगरहून काकूकडे भजनाला गेले. पेटीवर मी, समोर काकू. कडवं रंगात आलं आणि तिनं मुद्दाम हात थांबवला. सूर विझला. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"काहून चूप बसली? ओरड नं!" काकू म्हणाली.

मी ओरडले, "भाता!"

डोळे पुसत, हसत काकू भाता हलवायला लागली.