टेबलावरचं पांढरं कापड

एकतीस वर्षं टीचरबाईंनी संडेस्कूलमध्ये लोकांच्या मुलांकडून बायबलमधली वचनं पाठ करून घेतली, कान पिळले, गोळ्या वाटल्या. मग खुब्याचं हाड मोडलं आणि बाई खिडकीजवळच्या खुर्चीला खिळल्या. पहिला महिना भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. पुढे खुर्ची, खिडकी आणि सून एवढंच उरलं.

बाईंना स्वस्थ बसणं कुठलं माहीत! रोज सकाळी डोळे मिटून त्या मनानेच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शिरायच्या आणि बाकांच्या क्रमाने प्रार्थना करायच्या. पहिल्या बाकावर खोकणारा सुतार, दुसऱ्यावर त्याच्याशी अबोला धरलेली बहीण, असं करत शेवटी वेदीपाशी पाळकसाहेब. खरं सांगायचं तर सुरुवातीला ती नुसती हजेरी होती, कोण कुठे चुकतंय याची. या बहिणीशी तर बाईंचं स्वतःचंच वाकडं होतं. सातव्या महिन्यात तिचं नाव घेताना डोळे भरून आले, तेव्हा बाईच चपापल्या.

स्वतःसाठी मागणं एकच होतं, प्रभुभोजन. घरात आजारी माणूस असलं की पाळकांनी भाकर आणि द्राक्षरस घरी घेऊन जायचं, हा मंडळीचा रिवाज. बाईंनी तीनदा निरोप धाडला. अकरा महिने साहेबांना सवड नव्हती.

एका मंगळवारी फोन आला, "उद्या येतोय."

"सूनबाई, ते पांढरं कापड काढ गं!"

कापड बाईंनी स्वतः शिवलेलं, कडेला बारीक क्रूस. घरात प्रभुभोजन असेल तेव्हाच ते टेबलावर यायचं. सुनेने इस्त्री करून अंथरलं. बाईंनी केस धुऊन घेतले आणि बुधवारी सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब घेतला नाही.

साहेब आले ते हात हलवत. पिशवी गाडीत असेल, असं बाईंनी स्वतःला समजावलं.

"बाई, या शांत काळात देव तुम्हाला आतून वाढवतोय," साहेब म्हणाले. "आम्हा धावपळीच्या माणसांना हेवा वाटतो बघा."

हेवा म्हणे! एकदा बसून बघा म्हणावं.

"बरं, संडेस्कूलच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडेच राहिलीय ना? नव्या टीचरचा खोळंबा होतोय. आणि ताई, अर्धा कप चहा मिळेल?"

सुनेने चहा आणला. साहेबांनी बोलता बोलता कप बशीत न ठेवता थेट कापडावर ठेवला. उचलला तेव्हा खाली तपकिरी गोल उमटला होता. बाईंनी खुर्चीतल्या उशीखालची किल्ली काढून दिली.

"साहेब, प्रभुभोजन?"

"अरे हो, ते राहिलंच! पुढच्या महिन्यात नक्की."

दार लागलं. सून कापड काढायला धावली. "आई, डाग पडला हो."

"पडू दे. आधी मला देवळात जाऊन येऊ दे."

बाईंनी डोळे मिटले. सुतार झाला, बहीण झाली, सगळे बाक झाले. वेदीपाशी मात्र त्या अडल्या. प्रार्थनेत खोटं बोलायचं नाही, हे त्यांनीच पोरांना शिकवलं होतं.

"प्रभू, याचं भलं कर, हे आज माझ्या तोंडून निघत नाही. तू म्हण. मी नुसतं आमेन म्हणते."

ते आमेन तोंडातून निघेपर्यंत दुपार उलटून गेली.