गळ्याची चीर
जवसाच्या तेलाचा वास आला की मला धाराशिवातल्या त्या पत्र्याच्या शेडमधला उकाडा आठवतो. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मी शाळेत इतिहास शिकवायचो आणि नळदुर्गकडच्या एका घरात जपलेलं गंजकं चिलखत पाहून हुबेहूब तसंच नवं करवून घेत होतो. कुलपं दुरुस्त करणारे एक चाचा त्या शेडमध्ये तारेच्या कड्या वळायचे आणि त्यांची बायको, चाची, एकेक कडी दुसरीत ओवून बारीक खिळ्यानं बंद करायच्या, गंज धरू नये म्हणून जवसाचं तेल चोळायच्या. आठ महिन्यांनी ते पुरं झालं, तेव्हा मी हौसेनं डोक्यातून घालायला गेलो आणि हात वर असतानाच ते खांद्यांवर अडकलं. खाली सरेना, वरही निघेना. लोखंड तोंडावर दाबून बसलं, श्वास कोंडला. चाचा ओढतील तसतशा कड्या मानेत रुतत होत्या. "कापू नका," मी आतून कसाबसा म्हणालो, "आठ महिन्यांची मेहनत आहे." चाचींनी पत्रा कापायची कातर उचलली. "मेहनत पुन्हा करता येती, मास्तर. गप उभं ऱ्हावा, लई हलू नका." गळ्यापासून छातीपर्यंत त्यांनी स्वतःच जोडलेल्या कड्या एकेक करून तोडल्या. मला हवा लागली तेव्हा त्या खाली पडलेल्या कड्या वेचत होत्या. पुढं मूळ चिलखत पुन्हा तपासलं, तर त्याच्याही गळ्याला तशीच चीर निघाली, डोकं आत जावं म्हणून मुद्दाम ठेवलेली, पण गंजानं चिकटून बंद झालेली. त्यावर मी लेख लिहिला, तो वाखाणला गेला. ती चीर मी अभ्यासातून शोधली, असं त्यात आहे. चाचींचा उल्लेख नाही. लिहिताना ते सुचलंच नाही, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे सुचलं होतं.