दीपमाला चरडे आणि जांभ्याच्या पायऱ्या

दीपमालाचा तो व्हिडिओ तुम्ही कदाचित पाहिला असेल. हिरव्या काठाची साडी नेसलेली साठीची बाई, पाय लोखंडी पट्ट्यांत जखडलेले, दगडी पायऱ्यांवर पाठमोरी बसून हाताच्या जोरावर एकेक पायरी वर सरकते आहे. खाली लिहिलंय, ‘जिद्द असावी तर अशी!’ आणि हात जोडलेली पिवळी चित्रं. त्या व्हिडिओच्या कडेला दोन कुबड्या धरून जी बाई उभी दिसते, ती मी. माझं नाव दामिनी. आम्ही दोघी नागपुरात एकाच सरकारी ऑफिसात टायपिस्ट होतो, शेजारच्या टेबलांवर. म्हणून हे मला सांगितलंच पाहिजे, कारण त्या व्हिडिओत जे दिसतं ते खोटं आहे.

दीपमाला कन्हानची. वडील कवडूजी कोळशाच्या खाणीत हजेरी घेणारे. ती चालायला लागली आणि थोड्याच दिवसांत पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले. कवडूजींनी तिला घरात बसवून ठेवलं नाही. सुटीच्या दिवशी सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळायचे, तिला पुढे बसवायचे आणि नागपुरात आणायचे. अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या जुन्या संग्रहालयात, तिला खांद्यावर घेऊन दालनं फिरायचे. बाकीची पोरं पेंढा भरलेल्या वाघापाशी गर्दी करायची. हिला मात्र जुनी भांडी, दिवे, पेटारे बघायचे असायचे. ‘हे कोनाच्या घरचं होतं, बाबा?’ हा तिचा नेहमीचा प्रश्न.

तो प्रश्न तिला पुढे आयुष्यभर पुरला. नोकरी लागली, पायांना लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर आले, कुबड्या आल्या, आणि रजा मिळाली की ती जुनी घरं बघायला निघायची. राजवाड्यांचा तिला कंटाळा. ‘लोक जिथं जेवले, झोपले, भांडले, तेच मले पाहायचं राहते,’ म्हणायची. निवृत्त झाल्यावर तिने कोकणाचा बेत काढला. समुद्रकाठी लहान लहान गावांनी आपापली संग्रहालयं उभी केली आहेत, कुणाचं जन्मघर जपलंय, हे तिने कुठे कुठे वाचून ठेवलं होतं. समुद्र तिने तोवर पाहिला नव्हता. मला म्हणाली, ‘चल वं, खांदे शाबूत आहेत तोवर पाहून घेऊ.’

गावांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. एका गावाची ही गोष्ट नाही.

पहिलं घर एका समाजसुधारकाचं होतं. जोतं पुरुषभर उंच, पायऱ्यांना कठडा नाही. तिथला माणूस भला होता, पण त्याने दीपमालाकडे पाहिलंसुद्धा नाही. मलाच विचारलं, ‘यांना खालीच बसवता ना? सावली आहे तिकडे.’ मग चपलांच्या मांडणीशेजारी खुर्ची ठेवली. मी आत गेले नाही. दोघी बसून राहिलो. येणारे-जाणारे लोक हिला चपला राखणारी समजून तिच्या पुढ्यात सँडल सोडायला लागले. एकाने तर टोकन मागितलं.  दीपमालाचे कान लाल झालेले मला दिसले.

दुसरं, गलबतांचं संग्रहालय. एका जुन्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर. खाली भिंतीवर मोठी पाटी: ‘दिव्यांगांना प्रवेश मोफत.’ आणि पाटीच्या शेजारून सरळसोट लाकडी जिना वर गेलेला. दीपमालाने ती पाटी दोनदा वाचली. मग तिथल्या बाईंना विचारलं, ‘आजवर किती जनं गेले हो असे मोफत?’

त्या बाई म्हणाल्या, ‘तसं कोणी येत नाही फारसं.’

‘येतील कुठून!’ दीपमाला म्हणाली. ‘आन वर आहे काय?’

‘विशेष काही नाही हो. जुन्या वस्तू. वर न गेल्याने तुमचं काही बुडत नाही.’

‘विशेष नाही तं लोकाइले तिकीट लावून काहून दाखवता?’

बाई हसल्या. त्यांना वाटलं, गंमत करते आहे.

तिसरं घर तांडेलाचं. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य माणूस. या घरातल्या पिढ्या समुद्रावर गेल्या, आणि मागे राहिलेल्या बाया माजघराच्या एका खिडकीत बसून शिडं ओळखायच्या, असं दीपमालाने वाचलं होतं. ती खिडकी तिला पाहायची होती. कोकणात येण्याचं खरं कारण तेच होतं. निघायच्या आधी तिने नागपूरहून फोन केला होता. व्यवस्थापक सुमंत म्हणून एक गृहस्थ. ‘या, या, सगळी व्यवस्था होईल,’ म्हणाले होते.

व्यवस्था म्हणजे चार माणसं. आम्ही पोचलो तेव्हा समुद्राच्या बाजूला जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढत गेलेल्या, वर ओटी, आणि खाली प्लास्टिकची खुर्ची धरून चार जण तयार. ‘ताई, बसा. पाच मिनिटांत वर,’ सुमंत म्हणाले.

दीपमाला पांढरी पडली. काटोलला एका लग्नात असंच चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं होतं. एकाचा हात सुटला. मांडीचं हाड मोडलं आणि ती कित्येक महिने पडून होती. ते तिने सांगितलं. सुमंत म्हणाले, ‘आमची माणसं मजबूत आहेत.’

‘तेही मजबूतच होते. दुसरा रस्ता नाही का आत जायचा?’

‘नाही हो. जुनं घर आहे. त्यात फेरफार करता येत नाहीत.’

हे वाक्य लक्षात ठेवा. ‘नाही हो’ म्हणाले. माझ्या कानांनी ऐकलं मी.

दीपमालाने पायऱ्या वरपर्यंत नजरेने मोजल्या. मग माझ्या हातात कुबड्या दिल्या, साडी सावरली आणि वरच्या पायऱ्यांकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसली. मी म्हटलं, ‘दीपा, नको वं.’ तिने ऐकलं नाही. दोन्ही तळवे मागे टेकवून तिने अंग उचललं. दुपार होती. जांभा तापलेला आणि खडबडीत. लोखंड दगडावर घासत होतं. मधेच तिचा पदर अडकला तो मी सोडवला. लोक थांबले. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पर्यटकांच्या एका टोळक्यातल्या मुलीने मोबाइल वर धरला. दीपमालाच्या डोळ्यांत पाणी होतं. व्हिडिओत ते दिसतं, आणि खाली लोकांनी लिहिलंय, ‘आनंदाश्रू.’ नव्हते ते. मी तिथे होते.

ओटीवर पोचली तेव्हा तिचे तळवे सोलले होते. सुमंत कौतुकाने म्हणाले, ‘बघा, मनात आणलं की होतं!’

‘मनात तुमी आनायचं होतं, साहेब,’ दीपमाला म्हणाली, आणि कुबड्या घेऊन आत गेली.

खिडकी होती. जमिनीलगत बसवलेली, खाली बसूनच बाहेर पाहता येईल अशी. पुढे माडांच्या शेंड्यांवरून समुद्र. दीपमाला जमिनीवर बसली आणि खिडकीची कड हाताने चाचपत राहिली. कोपराच्या उंचीवर लाकूड गुळगुळीत झालं होतं. ‘इथं हात टेकून बसत असतील,’ ती हळूच म्हणाली. मग स्वतःचा हात तिथे ठेवला. त्या सबंध प्रवासात तिला बरं वाटलेलं मी तेवढंच पाहिलं. उतरताना ती पुन्हा तशीच खुरडत उतरली. तेव्हा कुणी चित्रण केलं नाही.

नागपूरला परत येईस्तोवर व्हिडिओ घरोघर पोचला होता. गल्लीतले लोक हार घेऊन आले. एका मंडळाचे मनोहरराव घरी आले, सत्कार ठरवला म्हणाले. हॉल कुठे? पहिल्या मजल्यावर. लिफ्ट? ‘लिफ्टचं काय काम आहे तुमाले, ताई! तुमी तं कोकनातल्या पायऱ्या चढून आल्या!’ आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. त्या पायऱ्यांवर दुखावलेला दीपमालाचा उजवा खांदा तेव्हा पट्ट्यात होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुबडीवर भार टाकायचा नाही, म्हणजे तिला घरातल्या घरातही चाकाच्या खुर्चीवर फिरावं लागत होतं. तिने मनोहररावांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. नंतर मला कळलं, मंडळात ते तिला गर्विष्ठ म्हणाले.

एवढ्यावर हे संपलं असतं तर मी लिहिलं नसतं. पण दिवाळीनंतर आमच्या ओळखीचा हर्षित बायकोला घेऊन कोकणात गेला, आणि तिथून त्याने आनंदाने एक फोटो पाठवला. तांडेलाच्या घराच्या पायऱ्यांशी, दर्शनी भिंतीवर, दीपमालाचा फोटो लावला होता. चांगला मोठा, चौकटीत. पायरीवर खुरडणारी, पदर अडकलेली, तोंड वेडंवाकडं झालेली दीपमाला. खाली अक्षरं, ‘पायऱ्या हरल्या!’ पायऱ्या जिथे होत्या तिथेच होत्या.

तिने माझ्या देखत फोन लावला.

‘अहो ताई!’ सुमंतांना खरंच आनंद झाला. ‘तुमचा गौरव केला आम्ही. लोक त्या फोटोपाशी उभं राहून सेल्फी काढतात.’

‘मले इचारलं होतं का?’

‘त्यात विचारायचं काय? चांगल्यासाठीच आहे. परवा एक बाई आल्या होत्या, गुडघ्यांची ऑपरेशनं झालेल्या. मला म्हणाल्या, कसं चढू? मी तुमचा फोटो दाखवला. म्हटलं, या ताई चढल्या, तुम्हाला तर दोन्ही पाय आहेत.’

दीपमालाच्या हातून फोन मांडीवर पडला. मी तो उचलून कानाला लावला तर सुमंत अजून बोलत होते, अगदी उत्साहाने.

‘मग त्या बाई चढल्या का?’ मी विचारलं.

‘नाही. बिचाऱ्या परत गेल्या.’

त्या संध्याकाळी दीपमाला जेवली नाही. ‘माह्या चढन्यानं त्या बाईले हाकललं,’ एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने मला मोबाइल समोर धरायला लावला. केस विंचरले, चाकाच्या खुर्चीत बसली, गळ्यातला पट्टा काढला नाही.

‘मी दीपमाला चरडे,’ ती बोलली. ‘तो व्हिडिओ माहा आहे. त्या दिवशी मी हिंमत नव्हती दाखवून राहिली. मले दुसरा रस्ता ठेवला नव्हता. माहे हात सोलले, खांदा गेला. माहा फोटो दाखवून कोनी तुमाले चढा म्हटलं तं चढू नका. त्याहिले म्हना, आमाले आत घ्या. आन माहा तो फोटो काढा.’

पहिला व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला होता. हा फार थोड्यांनी पाहिला. पुष्कळांनी तर खाली नापसंतीच लिहिली: एवढा मान मिळूनही बाई रडगाणं गाते. पण त्यांच्यातच त्या गावच्या, आता ठाण्यात राहणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं: ‘ताई, तांडेलाचं घर उतारावर आहे. मागच्या अंगणाला वरचा रस्ता लागतो. मागचं दार रस्त्याशी अगदी समतल. आम्ही लहानपणी तिथूनच आत-बाहेर करायचो. एकही पायरी नाही.’

दीपमालाने ते मला मोठ्याने वाचायला लावलं. मग पुन्हा फोन. आता आवाजात ‘साहेब’ नव्हता.

‘मांगं दार आहे का?’

‘मागे?’ सुमंत म्हणाले.

‘आहे का नाही?’

‘आहे. म्हणजे, वापरात नाही. तिथे खुर्च्या ठेवल्यात. कार्यक्रमांच्या.’

‘खुर्च्या?’

‘प्लास्टिकच्या. पावसात भिजतात ना बाहेर.’

दीपमाला ओरडली. इतक्या वर्षांत मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. ‘खुर्च्या ठेवाले जागा आहे आन मानसाले नाही? काहून गा, मी इचारलं होतं ना तुले? दुसरा रस्ता आहे का म्हनून इचारलं होतं! चार खुर्च्या सरकवल्या असत्या तं माहा खांदा वाचला असता!’

सुमंत म्हणाले, ‘ताई, माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.’ आणि मला वाटतं ते खरंच बोलत होते. तेच मला सगळ्यांत भयंकर वाटतं. दार रोज डोळ्यांसमोर असून त्या माणसाच्या लक्षात आलं नाही.

ठाण्याच्या त्या बाईंनी गावात बरेच फोन केले. संग्रहालयाला घर ज्यांनी दिलं त्यांच्या नातलगांपर्यंत बोभाटा गेला. फोटो उतरवला. खुर्च्या हलवल्या. मागच्या दाराला घंटा बसवली आणि वरच्या रस्त्यावर बाणाची पाटी लावली. यात कुणाला काही फेरफार करावा लागला नाही.

या जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. खांदा पूर्ण सुधारलेला नाही, म्हणून चाकाची खुर्ची. वरच्या रस्त्याने आलो, घंटा वाजवली, दार उघडलं. सुमंत शाल-श्रीफळ घेऊन उभे होते. दीपमालाने हात पुढे केला नाही. ‘ते ठेवा तिकडं,’ म्हणाली आणि खुर्ची आत ढकलली. आम्ही माजघरात शिरतो तोच मागून वॉकरचा आवाज आला. शेजारच्या घरातले एक वृद्ध गृहस्थ होते, सगळे त्यांना बापूजी म्हणत. आयुष्य त्याच वाडीत गेलेलं. घराचं संग्रहालय झालं, मागचं दार बंद झालं, आणि तेव्हापासून ते आत आलेच नव्हते. भिंतीला हात लावत ते हळूहळू प्रत्येक खोलीत गेले. निघताना त्यांनी वॉकर बाजूला ठेवला आणि सुमंतांपुढे दोन्ही हात जोडले. म्हणाले, ‘मोठे उपकार झाले तुमचे.’ सुमंतांनी ते उपकार हसून स्वीकारले.

मला वाटलं, गाडीत बसल्यावर दीपमाला समाधानाने काही बोलेल. गाडीने खाडीचा पूल ओलांडला.

‘दार उघडलं ना शेवटी,’ मी म्हटलं.

‘त्या मानसानं हात जोडले वं,’ ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. ‘शेजारच्या घरात जायाले हात जोडले! आन त्या सुमंतानं जोडू देल्ले.’

मग पर्समधून मोबाइल काढून तिने पुढच्या गावच्या संग्रहालयाला फोन लावला, आणि पलीकडून ‘नमस्कार’ यायच्या आत विचारलं, ‘तुमच्याकडं मांगचं दार कुठं आहे?’