तळ्यावर जेवायला या

नातवंडांनो, येत्या हिवाळ्यात तुम्ही परदेशातून इकडे येणार आहात आणि मलकापूरहून निघून जिल्ह्यातली जुनी गावं आणि तळी पाहायचा रस्ता मी आखायचा, असं तुमच्या बाबांनी मला कळवलं आहे. मी तो आखलाही आहे. पण तो वाचल्यावर तुम्ही पहिला प्रश्न विचाराल, "आजी, वाटेत इतके नातेवाईक आहेत, तर आपण कोणाच्याच घरी का जायचं नाही?" त्याचं उत्तर फोनवर देता येत नाही. फोनवर मी अर्ध्यात असते तोच तुमच्यापैकी कोणीतरी खिडकीबाहेरची खार दाखवतं आणि विषय संपतो. म्हणून आत्ताच लिहून ठेवते. सावकाश वाचा. तुमच्या धाकट्या आजीची, म्हणजे माझ्या जावेची भाषा तिच्या तोंडी आहे तशीच ठेवली आहे. अडली तर बाबांना विचारा. त्यांना ती चांगली येते, हल्ली विसरल्यासारखं करतात एवढंच.

सुरुवात तुमच्याकडूनच झाली. काही वर्षांपूर्वी मोठीला शाळेत उल्कांवर काहीतरी लिहायचं होतं. तिनं पुस्तकात लोणार वाचलं, नकाशावर मलकापूर शोधलं आणि मला विचारलं, "आजी, तू त्याच जिल्ह्यात राहतेस ना? पाणी कसं दिसतं?"

मी म्हणाले, "हिरवट." हे मी वर्तमानपत्रातल्या फोटोवरून सांगितलं.

"आणि वास कसा येतो?"

फोटोला वास नसतो. मी लोणार पाहिलेलं नाही, असं मला सांगावं लागलं. मोठीचा पडलेला चेहरा मला फोनच्या पडद्यावर स्पष्ट दिसला.

लग्न होऊन या जिल्ह्यात आल्यापासून मी मेहकरला किती वेळा गेले असेन! लग्नं, बारशी, तेरावी, डोहाळजेवणं. मेहकरहून लोणार गाडीनं तासाभराच्या आत. पण आमच्या घरातल्या बाईनं गाडीत बसायचं ते कोणाच्या तरी घरी जायला, नाहीतर देवाला. नुसतं पाणी पाहायला कोणी जात नसे, आणि मी ते कधी मागितलंही नाही.

त्याच सुमारास डॉक्टरांनी मला माझ्या उजव्या गुडघ्याचा फोटो दाखवला आणि संक्रांतीनंतर गुडघा बदलून टाकू म्हणाले.

"त्यानंतर पायऱ्या?" मी विचारलं.

"घरातल्या चालतील."

लोणारच्या विवरात उतरायच्या पायऱ्या घरातल्या नाहीत. म्हणजे पाण्यापर्यंत जायचं तर संक्रांतीच्या आधी, आहे त्याच गुडघ्यावर. तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती.

मी नागपूरला इंग्रजी शाळेत शिकले. तिथल्या बाईंनी मला एक सवय कायमची लावली: कुठंही जायचं तर आधी कागदावर जाऊन यायचं. त्याप्रमाणे मी तीन दिवस आखले. पहिल्या दिवशी राजूरचा घाट चढून बुलढाणा, चिखली आणि मेहकर. मेहकरला बालाजीची काळ्या पाषाणातली मूर्ती, मुक्काम लॉजवर. दुसऱ्या दिवशी लोणार. सकाळी गावातलं कोरीव कामाचं देऊळ, मग काठावरची धार, मग खाली तळं. तिसऱ्या दिवशी सिंदखेडराजाचा राजवाडा, तिथली दोन जुनी तळी, आणि देऊळगावराजावरून परत. जाणार मी, माझी जाऊ, आणि गाडी चालवायला जावेचा मुलगा. तो सरकी-ढेपेचं दुकान चालवतो आणि मला मोठी आई म्हणतो.

जावेनं कागद हातात घेतला, पुन्हा पुन्हा वाचला.

"बाई, याच्यात माह्या भावाचं घर कुठी हाय?"

"मेहकरला आपण लॉजवर राहू. म्हणजे सकाळी लवकर निघता येईल."

"लॉजवर! भाऊ गावात असून मी लॉजवर राहू? लोक म्हनतीन, भावाबहिनीचं वाकडं आलं. अन् चिखलीच्या वन्संच्या दारावरून गाडी तशीच नेसान?"

चिखलीच्या वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. आमच्याकडे पाहुण्यानं गावात येऊन घरी न येणं हा अपमान असतो, आणि गावावरून सरळ निघून जाणं हा त्याहून मोठा. मला हे माहीत होतं. तरी मी कागदावर लिहिलं, "चिखली, चहा." मला वाटलं, लिहिलं की तसं होईल.

चिखलीला आम्ही पोचलो तेव्हा पुरण शिजत होतं.

"वन्सं, आम्ही फक्त चहाला आलोय," मी म्हणाले.

"हाव, चहा बी देते. आधी पाय धुवा." नणंदेनं माझ्या हातातली पिशवी काढून घेऊन आतल्या खोलीत ठेवली आणि कडी लावली. "काऊन एवढी घाई वयनी? तळं काई पळून जाते का?"

पुरणपोळीनंतर आडवं व्हायचा आग्रह झाला. मेहकरला पोचेपर्यंत बालाजीचं दार बंद व्हायची वेळ आली होती आणि जावेच्या भावाच्या दारात रांगोळी काढलेली होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं जावेची ओटी भरली, शेजारच्यांनी चहाला बोलावलं, त्यांच्या शेजारच्यांना राग येऊ नये म्हणून तिथंही गेलो. दुपारी जावेचा भाऊ म्हणाला, "लोनार तं आमच्या खिशात हाय. उद्या जाऊ. तळं काई पळून जाते का?" तो 'उद्या' उजाडला आणि दुकानातून फोन आला की ढेपेचा ट्रक येऊन उभा आहे. पुतण्याला परतावं लागलं. लोणारची पाटी मी गाडीच्या काचेतून पाहिली. बाण एकीकडे होता, आम्ही दुसरीकडे वळलो.

परतताना चिखलीला पुन्हा थांबावं लागलं, कारण नणंदेनं डबे भरून ठेवले होते.

"कसं होतं बरं तळं?" तिनं गाडीच्या खिडकीतून विचारलं.

"नाही पाहिलं."

तिनं डबे माझ्या मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "मी बी नाई पाह्यलं अजून. मले कोन नेते? येनारे जानारे मंडळी माह्याच घरी येतात. त्यायचं जेवन पाहू का तळं पाहू?"

राजूरचा घाट उतरताना जाऊ झोपली होती आणि मी त्या वाक्याचा विचार करत होते.

पुतण्याचा सल्ला वेगळा होता. "मोठी आई, पुढल्या बारीले कोनालेच सांगू नको. मेहकरपासून समृद्धी महामार्गानं जाऊ. समृद्धीवर एक बी नातेवाईक राहत नाई." सल्ला चांगला होता, पण त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे आणि मेहकरच्या आधी चिखली लागतेच. शिवाय मला लपून जायचं नव्हतं. या वयात लपून काय जायचं?

मी दुसरा आराखडा केला. त्यात गावं तीच होती, तळी तीच होती. फक्त घर एकही नव्हतं. मग मी चिखलीला आणि मेहकरला फोनवर एकच मजकूर पाठवला: "मार्गशीर्षात आम्ही लोणारला जात आहोत. या वेळी आम्ही कोणाच्याही घरी येणार नाही. तुम्ही सर्वांनी तळ्यावर यावे आणि येताना जेवण घेऊन यावे. आपण काठावर बसून जेवू."

जावेनं कपाळावर हात मारला. "लोकायच्या घरी जानं नाई, अन् वरतून त्यायलेच भाकरी मांगनं! बाई, हे इंग्रजी शाळेत शिकोलं का तुमाले?"

"तिथं शिकवलं असतं तर मी आधीच केलं नसतं का?"

मेहकरहून लगेच उत्तर आलं. किती माणसं, भरीत चालेल का, ठेचा तिखट हवा की मध्यम. चिखलीहून काहीच आलं नाही. मी फोन केला तर भाचा म्हणाला, "आई देवपूजेले बसली." संध्याकाळी पुन्हा केला, तरी ती देवपूजेलाच बसलेली होती. जाऊ म्हणाली, "रुसल्या. आता लग्नाले बी बोलावतीन नाई." मला वाईट वाटलं. तुमचे आजोबा गेल्यावर त्यांच्या घरातलं माझ्याशी भांडणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं. पण मी कागद बदलला नाही.

ठरल्या दिवशी आम्ही निघालो. बुलढाण्याला थांबलो नाही. चिखलीतून जाताना जावेनं पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढला. मेहकरला सरळ बालाजीसमोर जाऊन उभे राहिलो. मूर्ती इतकी मोठी आणि इतकी नितळ आहे की जाऊ बराच वेळ हात जोडायचंच विसरली. मुक्काम लॉजवर झाला. तिच्या भावानं तिथं येऊन मॅनेजरला ताकीद दिली, "माही बहीन हाय, गरम पानी द्याजो," आणि स्वतःचा मान स्वतःच राखला.

सकाळी लोणारला काठावर पोचलो तेव्हा मेहकरची मंडळी झाडाखाली सतरंजी टाकून बसली होती. आणि त्यांच्या पलीकडे, एका गाठोड्यावर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून माझी नणंद बसली होती.

"वन्सं!"

"मी तुमच्यासाठी नाई आली," ती मान न वळवता म्हणाली. "मी तळं पाहाले आली. रोडगे जास्तीचे झाले म्हनून आनले."

गाठोड्यातल्या रोडग्यांना, निखाऱ्यावर भाजलेल्या त्या कणकेच्या गोळ्यांना, अजून ऊब होती. कोणी एवढे रोडगे पहाटे उठून चुकून जास्तीचे करत नाही.

मी काठी घेतली आणि धारेजवळून पायऱ्या उतरायला लागले. धार म्हणजे दगडी गोमुखातून पडणारं गोड पाणी. ते कधी आटत नाही, आणि खालचं तळं खारं. मेहकरचे लोक म्हणाले, वरूनच छान दिसतं. पुतण्या म्हणाला, मी फोटो काढून आणतो. नणंद उठली, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि म्हणाली, "वयनी उतरतीन अन् मी वरते भांडे राखत बसू काय?"

जाऊही आली, आणि आम्ही तिघी उतरलो. पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत. मी प्रत्येक पायरीवर आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, असा क्रम ठेवला. घाई केली नाही. नणंद वाटेत बसली की मी उभी राहायचे, मी बसले की ती टोमणा मारायची. झाडीतून मोर ओरडत होते. पायऱ्या संपल्या, पायवाट लागली, मग जुनी पडकी देवळं, मग चिखलट काठ, आणि मग पाणी.

तर आता लिहून घ्या. पाणी खरंच हिरवट आहे. आणि त्याला वास येतो तो खाण्याच्या सोड्याचा आणि शेवाळाचा, दोन्ही एकत्र. मी काठाशी वाकून ओंजळ भरून वास घेतला आणि तिथूनच तुम्हाला फोन करणार होते, पण तुमच्याकडे मध्यरात्र होती.

जावेनं काठावरच्या देवीसाठी हळद आणली होती. मला शाळेतलं आठवलं आणि मी तिच्या हातावर थोडं तळ्याचं पाणी घातलं, त्यात चिमूटभर हळद. पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली.

"अग माय! कुंकू झालं!"

"पाण्यात क्षार आहेत ना," मी सांगायला लागले, "हळद क्षारात गेली की..."

"तुमचं शास्तर ठेवा तिकडं," नणंद म्हणाली. तिनं त्यात बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाला लावलं. तिचा भाऊ गेल्यापासून माझ्या कपाळाला कोणी काही लावलं नव्हतं. "तळ्यानं देल्लं. आता कोन काय म्हनते ते पाहाले मी हाय."

मी ते पुसलं नाही. ते लावूनच पायऱ्या चढले. उतरण्यापेक्षा चढताना गुडघा कमी दुखतो, हे तुम्हाला अजून बरीच वर्षं कळायचं कारण नाही. वरच्या पायरीवर पुतण्या खुर्ची घेऊन उभा होता. मी खुर्चीत बसले नाही. सतरंजीवर मांडी घालता येत नव्हती म्हणून पाय लांब करून बसले आणि रोडगे, भरीत, ठेचा असं पोटभर जेवले. नणंद सगळ्यांना वाढत फिरत होती आणि प्रत्येकाला सांगत होती की वहिनीनं तिला खाली नेलं नाही, तिनं वहिनीला नेलं.

दुसऱ्या दिवशी सिंदखेडराजाचा राजवाडा पाहून आम्ही तळ्याच्या दगडी बांधावर आलो, तर तिथं देऊळगावराजाचे दूरचे नातेवाईक डबे घेऊन हजर. त्यांना मी कळवलंही नव्हतं.

"चिखलीच्या मावशीनं सांगतलं," त्यांच्यातली सून म्हणाली. "म्हने, आता आपल्याकडं असंच करतात."

जाऊ माझ्याकडे पाहून पदरात हसली.

त्या संक्रांतीनंतर माझा गुडघा बदलला. तुम्ही याल तेव्हा मी खाली उतरणार नाही, पण काठापर्यंत नक्की येईन. खाली न्यायला तुमची चिखलीची आजी आहे, ती आता स्वतःला तिथली जाणकार म्हणवते. तुमच्या रस्त्याचा कागद सोबत आहे. त्यात घर एकही नाही.

बाकी सगळं जागेवर आहे. धार वाहते, तळ्याचं पाणी हिरवट आहे, आणि दर मार्गशीर्षात चिखली, मेहकर आणि मलकापूरची मंडळी अजूनही काठावर जेवायला जमतात.