शेवटी कोण हसलं, हे बघणारे आप्पा

रघुनाथराव काळोखे, म्हणजे आपले आप्पा, यांची आणि माझी ओळख एका गुरुवारी झाली. आपल्याकडे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. तळवड्याच्या ज्या शेडमध्ये मी पॅकिंगला होते, तीच शेड मालकांकडून मागून घेऊन आप्पा तिथे मालिकेचे चित्रीकरण करीत होते. आदल्या दिवशी विसरलेला डबा न्यायला मी गेले, तर म्हणाले, "ताई, आल्याच हाय तर जरा एचआर मॅडम व्हा. आमची मॅडम आली न्हाई."

"मला अभिनय येत नाही हो."

"सायबापुढं हसून 'हो सर' म्हणता ना? मंग येतोय."

तेव्हापासून मी त्यांच्या 'अपघात शून्य' या मालिकेत आहे. आप्पांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मला लेख मागताना सत्कार समितीने सूचना केली, की आप्पांच्या 'निखळ, निर्मळ विनोदावर' भर द्यावा. ती वाचून माझे डोके तडकले. आप्पांचा विनोद निर्मळ नाही. तो पाहून जो नुसता हसून उठतो, त्याने तो नीट पाहिलेलाच नाही.

ज्यांनी मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कंपनीच्या गेटवर फलक असतो: अपघाताविना गेलेले दिवस. एका कामगाराचा हात पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये सापडतो. दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी त्याला घरून उचलून आणते आणि बँडेजसकट टाइम ऑफिसातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवते. हजेरी लागते. माणूस हजर आहे, म्हणजे रजा नाही. रजा नाही, म्हणजे अपघात नाही. फलकावरचा आकडा एकाने वाढतो आणि पेढे वाटले जातात. मोबाइलवर हा पहिला भाग आला, तेव्हा चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये लोक पोट धरधरून हसले.

आप्पांनी हे हवेतून काढलेले नव्हते. प्रेस शॉपमध्ये फोरमन असताना हात आत जाऊ न देणारी जाळी, म्हणजे गार्ड, काढलेल्या प्रेसवर माणूस उभा करायला त्यांनी साफ नकार दिला होता. उत्पादन थांबले, साहेब ओरडले. आप्पा म्हणाले, "तुमी स्वतः हात घाला, मी बटन दाबतो." त्यानंतर त्यांना स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली. त्यात स्वेच्छा कोणाची होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढचे ऐकून तुम्हालाही संताप यावा, अशी माझी इच्छा आहे. एका कंपनीने हा पहिला भाग सुरक्षा सप्ताहात दाखवला. तिथल्या अधिकाऱ्यांनी आप्पांना अभिनंदनाचा फोन केला, तेव्हा मी शेजारीच होते. "कल्पना फार व्यावहारिक आहे तुमची," ते म्हणाले. "आम्ही आमच्या खुर्चीला उशीसुद्धा लावली." आप्पांनी फोन ठेवला आणि समोरचे ताट बाजूला सारले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मालिकेची एक गोम बहुतेकांच्या ध्यानात आलेली नाही. दुसऱ्या भागात मी, म्हणजे एचआर मॅडम, खुर्चीतल्या माणसाकडे बघून खो खो हसते. तिसऱ्या भागात आप्पांनी मलाच पायाला प्लास्टर घालून खुर्चीत बसवले. मी चिडून विचारले, मॅडमचा पाय कशाला मोडायचा? मॅडम कधी मशीनजवळ जातात का?

"गेल्या भागात शेवटी कोण हसलं?" आप्पांनी विचारले.

मग मी सगळे भाग पुन्हा पाहिले. दर वेळी तेच. जो शेवटी हसतो, तो पुढच्या भागात खुर्चीत असतो. टाइमकीपर, कँटीनवाला, खुद्द मॅनेजर. कोणी कारण सांगत नाही, कोणाला नवल वाटत नाही. हसणाऱ्याला वाटत असते की खुर्ची दुसऱ्याची आहे.

आता बालाजीविषयी. एका कंपनीत प्रेसवर कामाला असलेला हा लातूरकडचा मुलगा आप्पांच्या चाळीत भाड्याने राहतो. एका संध्याकाळी तो हाताला बँडेज गुंडाळून दारात उभा राहिला. तो हसत होता. "आप्पा, मला काय झालंच नाही म्हणं. दिवसभर खुर्चीवर बसून होतो. मी हजर हाव!" त्याची दोन बोटे गेली होती. आप्पांनी त्याला तसाच स्कूटरवर घातला आणि चांगल्या डॉक्टरांकडे नेला. अपघाताची नोंद व्हावी म्हणून पुढे महिनोन्‌महिने त्याच्याबरोबर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. ती नोंद अजून झालेली नाही. कंपनीचे उत्तर एकच: हा तर त्या दिवशी कामावर हजर होता.

शेवटच्या भागात आप्पांनी बालाजीला बालाजी म्हणूनच उभे केले. तो खुर्चीत बसतो, कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, "मी हजर हाव," आणि उठून निघून जातो. खुर्ची आपल्याकडे तोंड करून रिकामी राहते. या भागात कोणीही हसत नाही. सत्काराच्या दिवशी भरल्या सभागृहात हा भाग पहिल्यांदा दाखवावा, एवढेच आप्पांनी मागितले होते. बालाजीचे म्हणणे निदान चार लोकांसमोर तरी नोंदले जावे, म्हणून.

समितीने तो आधी बघून घेतला. बालाजीच्या वाक्याला समितीतले मान्यवर मनमुराद हसले. मग पडद्यावर नुसती खुर्ची राहिली. ती हलेना, तसे एकेकाचे हसू बंद झाले. अध्यक्षांनी रुमालाने कपाळ पुसले. "पाहुण्यांमध्ये कंपन्यांची मंडळी आहेत," ते म्हणाले. "हा भाग नको. आनंदाचा प्रसंग आहे." त्यांना विनोद कळला नाही, असे मी म्हणणार नाही. त्यांना तो बरोबर कळला, आणि माझा राग त्याचाच आहे.

मी आप्पांना हे सांगायला गेले, तेव्हा ते झाडांना पाणी घालत होते. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "स्टेजवर मला बसाया जी मखमलीची खुर्ची आणत्यात, ती नगं म्हणावं. आपली ती प्लास्टिकची ठेवा."

"तुम्ही त्या खुर्चीत बसणार?"

"न्हाई. मी आन् बालाजी बाजूला हुबं राहू. शाल-नारळ हुबं राहून घेता येतो की."

खुर्चीला समितीने होकार दिला आहे. साधेपणा म्हणून त्यांना ती कल्पना आवडली.

आप्पा, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. प्रकृती ठणठणीत राहो, हातपाय धड राहोत, आणि बालाजीची नोंद झालेली तुमच्या डोळ्यांनी तुम्हाला दिसो. ग्रंथ हाती घेऊन सभागृहात बसलेल्या मंडळींना मात्र माझी हात जोडून विनंती आहे. व्यासपीठावर सत्कारमूर्ती उभे आणि खुर्ची रिकामी, हे दृश्य गमतीचे वाटेल. कृपा करून हसू नका.