लोटनचा तिसरा गुरुवार

धरणगावच्या कापूस-जिनिंगमधला हमाल लोटन दारूबंदीतही हातभट्टीची प्यायचा. अमळनेरच्या धर्मशाळेत दारू सोडू पाहणारी माणसं दर गुरुवारी जमतात, असं कळल्यावर बायको बेबाबाई त्याला हट्टानं घेऊन गेली. दोन गुरुवार तो गप्प बसला. तिसऱ्या खेपेला बैठकीतले म्हातारे झिपरूआबा म्हणाले, "लोटन, मनमा काय शे, सांग."

लोटन कसाबसा बोलला, "पोर तापमा फणफणनी, तवय डाक्टरले बलावाले निंघनू, अन् भट्टीवरच बसनू. पोर मरनी."

डॉक्टर घरी नव्हता, असंच तो दोन वर्षं सांगत आला होता. दाराशी बसलेली बेबाबाई उठली आणि एकटीच स्टेशनकडे चालू लागली.

लोटन बैठकीला जात राहिला. त्याची दारू सुटली. बेबाबाई माहेराहून परत आली नाही.