टोक शाबूत असलेला शंख

काही आठवड्यांपूर्वी एका सकाळी वंदनाताईंच्या मुलीचा फोन आला. तिला मराठी कळतं, पण ती बोलते इंग्रजीतच. “ममा इज गॉन,” एवढंच म्हणाली.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. इथे परदेशात, पामर्स्टन नॉर्थच्या विद्यापीठात आल्यावर कुणाला काय विचारावं हेही कळेना. ताई नागपूरच्या. इथल्या प्रयोगशाळेत त्या समुद्री गोगलगायींचे मोहरीएवढे शंख ओळखायच्या. सगळ्यांना ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करून झाला की माझ्याजवळ येऊन हळूच ‘जय भीम’ म्हणत. ओल्या ब्रशने शंख उचलायला त्यांनीच शिकवलं. मी आधी रंग बघायची. “पोट्टे, रंग काय पाहून राहिली? साडी घ्याची हाय का?” त्या म्हणत. “टोक पाह्य. जन्माच्या वेळचं कवच तिथंच उरते. बाकी सगळं मागून वाढते.”

वर्षभर आम्ही एकाच प्रकारच्या शंखाच्या मागे होतो. तोंडाची कड जाड, अंगावरचे कंगोरे विरळ. ही जात अजून कुणी नोंदलेली नाही, असं ताईंना मनापासून वाटायचं. पण वाळूत मिळालेल्या प्रत्येक शंखाचं टोक झिजलेलं, आणि त्याशिवाय जात ठरेना. आजारपणात रजेवर गेल्या तरी त्यांचा मेसेज यायचा, ‘टोक मिळालं का?’

मिळालं. शाबूत टोकाचा एक शंख चाळणीत आला, आणि त्या टोकावर ओळखीच्याच जातीच्या बारीक रेघा होत्या. फोटो घेऊन हॉस्पिटलात निघाले. वाटेत वाटलं, सांगूच नये... ताईंनी फोटो मोठा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

“तू सांग, तुला काय दिसते?”

“ताई, जुनीच आहे.”

“हाव. जुनीच हाय,” त्या म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात देऊन भिंतीकडे वळल्या. ती आमची शेवटची भेट.

मी गप्प राहिले असते तर त्यांचं जाणं जरा सोपं झालं असतं का... माहीत नाही. त्यांनी ते फोटोतच ओळखलं होतं, असं मी स्वतःला सांगते.

काल त्या शंखाच्या कुपीवर चिठ्ठी लावायची होती. ताईंच्या सूक्ष्मदर्शकाला अजून कुणी हात लावलेला नाही. त्याचं डावं भिंग त्यांच्या अधू डोळ्याला जुळवलेलं आहे, मला त्यातून धूसर दिसतं. ते फिरवायला हात धजेना. डावा डोळा मिटून उजव्याने टोक पुन्हा पाहिलं, आणि चिठ्ठीवर जुनंच नाव लिहिलं.